पाच मिलिमीटर

चाक माझ्या हातून सुटलं, तेही नेमकं उतारावर.

तिसऱ्या गॅरेजवाल्यानेही मान हलवली होती. "मडगार्ड कापल्याशिवाय हे बसायचं नाही, ताई." आणि मी ते लोटत घरी निघाले होते, रागारागाने. राग आणि चाक, दोन्ही एकदम कसं सांभाळणार? ते निघालं घरंगळत. मी मागे धावले. एका मांजराच्या तोंडचं पाणी पळवून ते थेट एका उघड्या शटरमधून आत शिरलं.

आत एका माणसाने ते पायाने अडवलं होतं. हातातला चहा अर्धा शर्टावर.

"हे तुमचं," त्याने विचारलं, "की स्वतःच्या मनाने आलंय?"

"माझं." मला धाप लागली होती. "म्हणजे… बाबांचं."

"ते येतायत मागून?"

"नाही. गेले ते. मागच्या वर्षी."

त्याने कप खाली ठेवला. माझ्यापुढे स्टूल सरकवलं. मग चाकाच्या कडेवरून अंगठा फिरवत हळूच म्हणाला, "देखणं आहे. आणि चांगलं रुंद. कुठल्या गाडीचं?"

मी सांगत गेले. बाबा डेंटर होते. जन्मभर लोकांच्या गाड्यांचे पोचे काढले. स्वतःसाठी मात्र, मी लहान असताना, भंगारातून एक जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार आणली आणि तिचे मडगार्ड दोन वर्षं, सुट्टीच्या दर दिवशी, हाताने ठोकून घडवले. पुढे तिची जुनी अरुंद चाकं तडकली. त्या मापाचे टायर आता मिळत नाहीत. म्हणून ही रुंद चाकं आणली, आणि बसवायची राहूनच गेली…

"काका म्हणतात, कापून टाकू कडा. रविवारी कटर घेऊन येणारेत. आई म्हणते, तोवर तुझं तू बघ, गाडी अशी ठोकळ्यांवर किती दिवस ठेवायची?"

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मी शिवणकाम करते. कापायच्या आधी दहादा मापते. बाबांच्या हातचा पत्रा कापू देणार नाही."

तो हसला. "मी चाकवाला. माझंही पोट मापण्यावरच चालतं."

दुसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात, गाडीखाली पाठ टेकून. मी शेजारी वही घेऊन.

"लिहा. बाहेरच्या अंगाला जागा सहा मिलिमीटर… गिऱ्हाइकांची मापं घेताना श्वास रोखायला सांगता का हो?"

"नाही. तुम्ही का रोखलाय?"

"…धूळ आहे इथे."

धूळ नव्हती. सकाळीच मी झाडून काढली होती.

शुक्रवारी चारही चाकं चढली. मग त्याने खिशातून लहान मुलांची खेळायची माती काढली, हिरवी. तिच्या लांब वळ्या करून मडगार्डच्या आतल्या कडेला अंगठ्याने दाबत गेला. "टायर कुठे घासला तर ही चहाडी करेल."

एकटाच फेरी मारून आला. स्पीडब्रेकरवरून दोनदा गेलो म्हणाला. माती जशीच्या तशी! त्याचा चेहरा पहिला नंबर आलेल्या मुलासारखा.

"मलाही न्या ना," मी म्हटलं आणि शेजारी बसले. लहानपणापासूनची माझी जागा. कोपरा वळलो, स्पीडब्रेकर आला, आणि… खर्रर्र.

गाडी थांबली. आम्ही दोघं गुडघ्यांवर बसून बघत होतो. माझ्या बाजूची माती खरवडून निघाली होती.

"मी… एकट्यानेच बघितलं," तो पुटपुटला. "नेहमी तसंच बघतो. शेजारी कुणी बसेल, हे डोक्यातच आलं नाही."

"दोन सीटच्या गाडीत?"

"सवय नाही हो."

रागवायला हवं होतं. रविवार दोन दिवसांवर आलेला. पण त्याचा चेहरा बघून मला हसूच फुटलं. "उभ्याने मापलेली पँट बसल्यावर उसवते. आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात हे!"

"आता कापण्यावाचून…"

"लगेच कापायचं? बाहेर जागा नाही, तर आत बघा. आम्ही शिवणीत थोडं जास्तीचं कापड ठेवतो, तसं काही आहे का आतल्या अंगाला?"

 तो घाईघाईने गाडीखाली शिरला. बाहेर आला तो नाकाला ग्रीस लावूनच.

"अकरा मिलिमीटर आहेत आत! चाक जिथे गाडीला टेकतं ती त्याची बाजू लेथ मशीनवर पाच मिलिमीटर घासली, तर चाक तेवढं आत सरकेल. मडगार्डला हातही लावायला नको."

"मग सांगत काय बसलात? घासा!"

शनिवारभर त्याच्या दुकानात तो लेथपाशी आणि मी पालथ्या खोक्यावर बसून हातशिलाई करत होते. बाहेर भुरभुर पाऊस. चांदीसारख्या कुरळ्या पट्ट्या खाली पडत होत्या. दर थोड्या वेळाने तो मान वर करायचा.

"समोर बघा. बोट जाईल."

"समोरच बघतोय."

मला सुई टोचली, तेवढ्यात.

रविवारी सकाळी काका आले, कटर आणि वायरचं भेंडोळं घेऊन. "काय गं, फिटली का हौस?"

"पाच मिनिटं, काका."

नवी माती लावली. आम्ही दोघं बसलो. स्पीडब्रेकर… काही नाही. पुन्हा, जरा जोरात. उजवं वळण, डावं वळण. मी डोळे गच्च मिटून ऐकत होते. फक्त इंजिनचा आवाज.

परत आलो, वाकून पाहिलं. माती शाबूत. तिच्यावर फक्त त्याच्या अंगठ्याचे ठसे.

काकांनी मडगार्डवरून हात फिरवला. बराच वेळ. "दादाने ठोकलाय हा," एवढंच म्हणाले आणि वायर गुंडाळायला लागले. आईने डोळे पुसले. "चहा टाकते," म्हणत त्यांनाही आत घेऊन गेली. जरा मुद्दामच.

तो पुन्हा स्टिअरिंगवर जाऊन बसला. मी माझ्या जागेवर.

"एक सांगू?" तो समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "हे माप आता दोघांचं वजन धरून घेतलंय. एकट्याने चालवली तर…"

"तर काय बिघडेल?"

"बिघडणार काही नाही." तो थांबला. "माप वाया जाईल… शेजारी बसशील? नेहमी?"

मी हात पुढे केला आणि त्याच्या नाकावरचं परवाचं ग्रीस, जे तीन दिवस पुसायचं मनात होतं, ते अंगठ्याने पुसलं. मग दार ओढून घेतलं.

"चल," मी म्हटलं, "त्या स्पीडब्रेकरवरून अजून एकदा. खात्री करून घेऊ."