ताटलीतली वीट

"भिंत चाटताय का?"

मागून आवाज आला आणि मी बोट तोंडात तसंच ठेवून वळले. काखेत हेल्मेट, हातात वही, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या... माझ्याच वयाचा असेल.

"बोट चाटतेय, भिंत नाही," मी म्हटलं. "हा पांढरा लोणा खारट आहे का, ते बघत होते."

"मला विचारलं असतं तर न चाटता सांगितलं असतं." तोंड गंभीर, पण डोळे हसत होते मेल्याचे. "मी सुजित, इंजिनियर. भिंतीवर गिलावा करायचा की नाही, ते बघायला चर्चच्या कमिटीने पाठवलंय. भट्टीवाल्याने कच्च्या विटा घातल्यात म्हणे."

"तो भट्टीवाला माझा बाप आहे."

त्याच्या डोळ्यांतलं हसू गेलं. बरं झालं.

बदलापूरला कात्रपच्या मागची ही गल्ली एरवी झोपलेलीच असते. चार मजली सोसायट्या, गेटपाशी जास्वंदी, आणि मधेच हे चर्च. रंग नाही, गिलावा नाही, नुसती लाल वीट. भिंत गोल वळत वर जाते आणि मुद्दाम सोडलेल्या भोकांतून ऊन आत बाकांवर पडतं. लांबून लोक फोटो काढायला येतात. जांभूळला आमची भट्टी होती. ती बंद करण्याआधी पप्पांनी शेवटचा लावलेला माल सगळा इथे आला. नाक्यावर चहा पिताना अनोळखी माणसालाही सांगायचे, "ते गोल चर्च बघितलंत का? विटा आपल्या."

आणि आता भिंतीच्या तळाला दोन हात उंचीपर्यंत लोणा पांढरा फुलला होता. रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, झाली की कमिटी ठरवणार होती. गिलावा झाला असता तर वीट दिसली नसती आणि रामभाऊंनी, म्हणजे पप्पांनी, खराब माल घातला, हे गावभर झालं असतं. दहा दिवस पप्पा नाक्यावर गेले नव्हते.

"मीठ विटेतलं असेल, नाहीतर बागेला मारतात त्या बोअरिंगच्या पाण्यातलं," सुजित म्हणाला. "मागे उरलेल्या विटा पडल्यात. एक ताटलीत उभी करू, बॅटरीचं पाणी घालू. त्यात मीठ नसतं. पाणी पिऊन वीट सुकली की बघायचं. पांढरं आलं तर दोष विटेचा."

"आलंच तर?"

"तसं लिहीन."

"माझ्या तोंडाकडे बघूनसुद्धा?"

"तुमच्या तोंडाकडे बघून तर खोटं लिहिताच यायचं नाही."

राग आला मला. आणि खोटं कशाला बोलू, आवडलंही.

ढिगातून मी चांगली भाजलेली, खणखणीत वीट शोधायला लागले, तर म्हणतो कसा, "अंहं. डोळे मिटून उचला, तुळशी."

"नाव कुठून कळलं?"

"फादरना विचारलं."

डोळे मिटून उचलली. अंगठ्याखाली पप्पांच्या साच्यातला 'रा' लागला. रिक्षाच्या गॅरेजमधून मी बॅटरीच्या पाण्याची बाटली आणली, ताटली फादरच्या स्वयंपाकघरातली. वीट मागच्या खिडकीत ठेवली. दोन दिवसांत सुकेल, असं तो म्हणाला.

तो मंगळवार होता. रोज सकाळी एमआयडीसीत कामावर जायच्या आधी मी यायचे, तोही यायचा. गुरुवारीही वीट ओलीच.

"तुमची वीट हट्टी आहे."

"घरचाच गुण आहे तो."

"ते दिसतंच आहे..." म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ.

आता सांगून टाकते. मी त्याच्या आधी पंधरा मिनिटं यायचे आणि ताटलीत बाटलीतलं पाणी घालायचे. जीव धजावत नव्हता माझा. वीट ओली होती तोवर पप्पा खोटे ठरत नव्हते.

शनिवारी त्याने ताटलीत बोट बुडवलं. "उद्या कमिटी बसणार. अजून पाणी कसं?"

"मी घालते," मी म्हटलं. "रोज... अर्धा पेला."

त्याने बोट रुमालाला पुसलं. आता ओरडेल, वाटलं. आणि त्याचं ओरडणं आपल्याला सहन होणार नाही, हेही तेव्हाच कळलं.

"अर्ध्या पेल्याने एवढं साचत नाही," तो हळूच म्हणाला. "संध्याकाळी... मीही घालतो. बॅटरीचंच."

"तुम्ही कशाला?"

"वीट सुकली असती तर तुम्ही गुरुवारपासून आला नसतात."

"माझा बाप धड जेवत नाही, आणि तुम्ही—"

"आणि तुम्ही?"

कपाळ माझं.

त्याने ताटलीसकट वीट उन्हात पायरीवर ठेवली. "पाणी फेकायचं नाही. त्यात मीठ उतरलं असेल तर तेही विटेलाच लागलं पाहिजे." मी कामावर फोन करून सुट्टी घेतली. दिवसभर ऊन सरकलं तशी आम्ही वीट सरकवली, विटेमागे आम्हीही सरकलो. डबा त्याचा खाल्ला, पण डोळे विटेवरच. तीनच्या सुमाराला ताटली कोरडी झाली. मग विटेची एक कड फिकी पडायला लागली... आणखी फिकी... त्याने न विचारता माझा हात धरला. मी सोडवला नाही.

चार वाजता वीट सगळी सुकली. ती फिकी कड मला पांढरीच दिसत होती. त्याने वीट उचलून माझ्यापुढे धरली.

"तू बघ. तुला पद्धत माहितीये."

मी कडेवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. खारट नव्हतं. नुसती माती... संध्याकाळी पप्पांच्या सदऱ्याला यायचा, त्या वासाची. मला रडूच फुटलं. त्याने मग सगळ्या बाजू भिंग लावून तपासल्या आणि वहीत लिहिलं: वीट निर्दोष, दोष बोअरिंगच्या पाण्याचा, गिलावा नको.

मी घरी फोन लावला. "पप्पा, नाक्यावर जा. चहा प्या."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग, "विटेचं काय झालं?"

"चांगली आहे. आपली वीट चांगली आहे."

नाक ओढल्याचा आवाज आला. इकडे सुजित खुणावत होता, स्वतःकडे बोट, मग माझ्याकडे, मग चहाचा कप.

"पप्पा, आम्ही दोघं येतोय चहाला."

"दुसरा कोण?"

मी सुजितकडे पाहिलं. कान लाल झाले होते त्याचे.

"ज्याच्यामुळे वीट चार दिवस सुकली नाही, तो."