काटा शून्यावर आला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. ही घटना शंभर टक्के खरी आहे. जिच्यासोबत घडली ती सुमिए इवादारे आमच्या शेजारी राहायची, आणि तिला थापा मारणं कधी जमलंच नाही. जमलं असतं तर कारखान्यात कधीच वर चढली असती.

साल १९८४. जपानमधलं सुवा तळ्याकाठचं गाव.

रात्र नव्हती... ओबोनची भर दुपार होती. ओबोन म्हणजे तिथला पितृपक्षच, वारलेली माणसं त्या दिवसांत घरी जेवायला येतात.

कारखाना बंद होता. यंत्रं गप्प. तळघरातल्या मोजमापाच्या खोलीत सुमिए एकटीच कंपॅरेटरसमोर बसली होती.

या यंत्राचं काम एकच. दोन पोलादी ठोकळे पाळीपाळीने खाली ठेवायचे, आखूड कोणता ते काटा सांगतो. केसाच्या शंभराव्या भागाचाही फरक लपत नाही. पण हाताची नुसती ऊब लागली तरी पोलाद फुगतं आणि काटा खोटं बोलतो. म्हणून हातात मोजे, लाकडी चिमटा, आणि आत एकच माणूस.

याच खोलीत तिच्या बाबांची हयात गेली. कारखान्याचा मूळ ठोकळा झिजलाय, त्यावरून केलेली सगळी मापं चुकतायत, असं त्यांनी सांगितलं होतं. साहेबांनी उलट त्यांच्याच डोळ्यांवर खापर फोडलं. सगळ्यांसमोर कमरेत वाकून माफी मागायला लावली. त्यांनी मागितली. त्याच हिवाळ्यात ते गेले.

आता तपासणीपुरता टोकियोहून एक अचूक ठोकळा आला होता. जुना ठेवल्यावर काटा डावीकडे गेला, म्हणजे तो आखूड निघाला, की बाबा खरे.

काचेच्या दाराबाहेर मोमोसेसाहेब ताटकळत होते. माफी मागायला लावणारे तेच.

"सुमिएबाई, आटपा. घरी पाहुणे आलेत."

"पोलाद निवायला वेळ लागतो, साहेब."

"वडिलांसारख्याच हट्टी आहात."

"त्यांनी हट्ट केला असता तर बरं झालं असतं."

टोकियोच्या ठोकळ्यावर तिने काटा शून्याला लावला. मग चिमट्याने तो उचलून जुना ठेवला.

काटा हलला.

डावीकडे... अजून डावीकडे.

थांबला.

सुमिएचे डोळे भरून आले. ती साहेबांना हाक मारणार, तोच...

मागे कुणीतरी खाकरलं.

हळूच, दोनदा. काटा वाचण्याआधी बाबा खाकरायचे, अगदी तसंच.

तिने वळून पाहिलं. खोली रिकामी. मोमोसे दाराबाहेर खिशात सिगारेट चाचपत होते.

भिंतीवरचा तापमापक वीसवर होता. जराही हललेला नव्हता.

पण काटा हलत होता...

उजवीकडे.

ती वाकली. जुन्या ठोकळ्याच्या चकचकीत अंगावर वाफ धरली होती. बोटांच्या आकाराची. कुणीतरी उघड्या हाताने तो घट्ट धरून ठेवला होता.

भुताचा हात गार असतो म्हणतात. हा गरम होता.

"बाबा," ती पुटपुटली, "हात काढा."

काटा थरथरला. जरासा डावीकडे सरकला...

"तुमच्यासाठीच करतेय मी. काढा ना."

काटा पुन्हा उजवीकडे गेला. शून्यावर आला. तिथून हलेचना.

मोमोसे आत आले, काट्याकडे डोकावले.

"शून्य. झालं समाधान? इवादारे माणूस भला होता हो, डोळे तेवढे गेले होते."

वाफ विरून गेली होती. पुन्हा मोजायची परवानगी काही मिळाली नाही. टोकियोचा ठोकळा दुसऱ्या दिवशी परत गेला.

सुमिएला भीती नंतर वाटली. आधी संताप आला. ज्या कारखान्याने पिळून चोथा केला, त्याचीच अब्रू राखायला हा माणूस मेल्यावरही हजर. स्वतःच्या नावाची पर्वा नाही, मुलीची तर त्याहून नाही.

ते नेमकं काय होतं, मला आजही उलगडलेलं नाही. ओबोन जवळ आला की अजून जिवाला घोर लागतो.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आईने बाबांच्या फोटोसमोर ताट मांडलं होतं. भात, वांगी, सोबाच्या गार शेवया.

"दार हळू लाव गं," आई म्हणाली. "बाबा आलेत ना घरी."

सुमिएने ताट उचललं.

"नाही आले, आई. ते ड्यूटीवर गेलेत."