तांबडीच्या शेपटीची पट्टी

सकाळी सातला जनावरांच्या डॉक्टरबाईंना घोडेस्वारीच्या शाळेच्या मालकांचा फोन आला. तांबड्या घोडीची शेपूट लुळी पडली होती. घोड्यांची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराने पट्टी आवळून बांधली म्हणून हे झालं, एवढं डॉक्टरबाईंनी येऊन लिहून द्यायचं होतं. गुन्हेगार ठरलाच होता, पुरावा तेवढा आणायचा राहिला होता.

मोतद्दारकाकांना दुपारपर्यंत खोली सोडायला सांगितलं होतं. अठ्ठावीस वर्षांची नोकरी, आणि दुसरं घर नाही. तरी गडी खरारा घेऊन घोडीपाशीच उभा.

डॉक्टरबाईंनी शेपटीला सुई टोचली. घोडीने दखलही घेतली नाही. मागचे पाय मुताने भिजून सोलवटले होते.

"पट्टी कधीपासून बांधताय, काका?"

"महिना झाला. खांबाला शेपूट घासून घासून केस घालवले होते तिने."

"बांधायला सांगितलं कोणी?" मालकांनी दरडावलं.

काकांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "माझ्याच मनाने बांधली."

मालक म्हणाले, बघा, आपल्या तोंडाने कबूल करतोय. डॉक्टरबाईंचे कान तापले. त्या घोडीच्या तोंडाकडे गेल्या.

डावा कान पडलेला. ओठ उजवीकडे ओढलेला. डाव्या गालात चावलेल्या गवताचा बोळा. काका म्हणाले, आठवडाभर तो बोळा मीच बोटाने काढतोय. लीदही हाताने काढावी लागते. हयगय केली म्हणतील या भीतीने कुणाला सांगितलं नव्हतं. बिचाऱ्याने मायेने केलं, आणि आजार झाकला गेला.

"मालक, शेपटीच्या पट्टीने तोंड वाकडं होत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा नसांना सूज आणणारा आजार आहे. पूर्ण वाढलेल्या घोड्यांना होतो, पण क्वचित. आधी शेपटीच्या मुळाशी चुरचुरतं, म्हणून घोडं घासतं. मग तिथली जाणीव जाते, लघवी-लिदीवरचा ताबा जातो. कधी चेहऱ्याच्या नसाही सुजतात. घासणं आधीचं, पट्टी नंतरची. काकांचा यात काही दोष नाही."

"म्हणजे कुणाचीच चूक नाही," मालक सुटल्यासारखे म्हणाले.

डॉक्टरबाईंना इथे गप्प बसता आलं असतं. कुणी विचारणार नव्हतं.

"चूक माझी आहे. महिन्यापूर्वी काकांनी मला फोन केला होता. जंत असतील म्हणून मी औषध सांगितलं, पट्टी बांधायला सांगितलं, आणि बघायला आलेच नाही. आजार बरा झाला नसता. पण तिला महिनाभर सोसावं लागलं, आणि आज चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती."

मालकांनी खाली मान घालून काकांना खोलीतच राहायला सांगितलं आणि ते निघून गेले.

"माझं नाव का नाही घेतलंत, काका?"

"घेतलं असतं तर मालकांनी तुम्हाला इथूनच परत पाठवलं असतं. मग हिला कोण बघणार होतं?" त्यांनी घोडीचं तोंड छातीशी घेतलं. "ही आता सुधारणार नाही ना?"

"नाही."

"मग द्या सुटकेची सुई. मी धरतो तिला."

डॉक्टरबाईंनी सुई भरून हात पुढे केला. काकांनी दुसऱ्या हाताने तो धरला आणि घोडीच्या मानेवरची शीर दाखवली.