ठमी दाराशी जाते

ठमीच्या आईला पोरीच्या कानांची खात्री होती, आणि ती काही उगाच नव्हती. रोज संध्याकाळी ठमी हातातलं खेळणं टाकून दाराशी जायची आणि थोड्याच वेळात खाली तिच्या बाबांची स्कूटर थांबायची. तिसऱ्या मजल्यावर, बंद दाराआड. बहिऱ्या पोरीला हे जमतं होय? बोलत नाही म्हणाल, तर तिचा मामाही उशिराच बोलला होता, आणि आता त्याला गप्प करता करता नाकी नऊ येतात.

बाबांना हे पटत नव्हतं. त्यांनी चाचणीचं नाव काढलं की घरात ठिणगी पडायची. "माझ्या पोरीला बहिरी ठरवायला निघालात?" असं आई एकदा म्हणाली, तेव्हापासून त्यांनी तो विषयच सोडला. पण कामावरून सुटल्यावर ते कुठल्याशा वर्गाला जाऊ लागले आणि हातांनी बोलायचं शिकून आले. मग बाल्कनीत बापलेकीच्या गप्पा रंगायच्या. ठमीच्या भाषेत 'बाबा' म्हणजे मूठ वळून मनगट पिळायचं, स्कूटरची मूठ पिळतात तसं. आई आली की पोरीचे दोन्ही हात धरायची. "हात खाली. तोंडाने बोल."

मागच्या वर्षी घरी येताना बाबांना ट्रकने उडवलं. ते गेले, स्कूटर भंगारात गेली. ठमी मात्र रोज संध्याकाळी दाराशी जात राहिली.

आईने त्याचाही अर्थ लावला. खालून कुणाची ना कुणाची स्कूटर जातच असणार. पोरीला दारापासून ओढून आणताना पोटात तुटायचं, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं, की पोर ऐकते आहे. शेवटी कान तपासल्याशिवाय नाव घालणार नाही असं शाळेने ठणकावलं, तेव्हा कुठे ती निघाली.

तपासणीची खोली कपाटाएवढी होती. भिंतींना करडा स्पंज, दार हातभर जाड, वर एक पिवळा दिवा. दार लागलं आणि रस्त्याचा सगळा गलका कुणी पुसून टाकावा तसा गेला. आईला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. काचेपलीकडे तपासनीस बाई यंत्रापाशी बसल्या होत्या. त्यांनी आधीच ठमीच्या तळहातावर एक थरथरणारी डबी ठेवून खेळ शिकवला होता. काही जाणवलं की गालाशी धरलेली लाल रिंग समोरच्या उभ्या दांडीत घालायची. ठमीने तो खेळ झटक्यात उचलला. आईला वाटलं, झालं, जिंकलो.

मग कानांवर हेडफोन चढले.

ठमी रिंग गालाशी धरून बसली. आई तिच्या मागे. ठमी बसूनच होती. बाई आवाज वाढवत गेल्या असाव्यात, कारण हळूहळू तो हेडफोनमधून बाहेर सांडायला लागला. मागे बसलेल्या आईला तो बारीक, कर्कश सूर स्पष्ट ऐकू येत होता. पोरीच्या गालावरची रिंग हलली नाही.

आईने पायाच्या अंगठ्याने ठमीच्या स्टुलाला हळूच ढोसलं. रिंग दांडीत पडली.

काचेतून बाईंनी पाहिलं. रागावल्या नाहीत. "पाय मागे घ्या," एवढंच स्पीकरमधून आलं. आई शरमेने लाल झाली. त्यानंतर एकही रिंग पडली नाही.

बाईंनी यंत्र बंद केलं, आत आल्या आणि हेडफोन काढले. "ठमीची आई, तिला काहीच ऐकू येत नाही. जन्मापासूनच नसावं."

"पण ती दाराशी..."

"जमिनीची थरथर, उजेड, घरातल्यांची चाहूल. ही मुलं फार हुशार असतात हो. घरच्यांना चकवतात."

बाई ठमीसमोर बसल्या, स्वतःच्या कानाला हात लावला आणि पंजा नकारार्थी हलवला. ऐकू येत नाही. ठमीने लगेच तसंच करून दाखवलं आणि हसली. मग तिचे हात सुटलेच. आईने ते धरले नाहीत. पहिल्यांदाच.

"किती छान बोलते ही. रोजचा सराव दिसतोय. कोण शिकवतं?"

ठमीने मनगट पिळलं.

"बाबा," आई म्हणाली.

"काल पण शिकवलं म्हणते."

"ते मागच्या वर्षी गेले."

"मुलांना काल काय, मागचं वर्ष काय, सारखंच."

तेवढ्यात ठमीने एक रिंग दांडीत घातली. कुणीच काही वाजवलं नव्हतं. तिने दुसरी घातली. तिसरी. तिचे डोळे त्या जाड दारावर होते. मग ती स्टुलावरून उतरली, दाराशी गेली आणि मनगट पिळलं.

बाहेर संध्याकाळ झाली होती.

घरी येताना आई सवयीने बोलायला गेली. कुणाशी बोलणार होती? एवढी वर्षं तोंडाने बोल, तोंडाने बोल म्हणून तिने पोरीचा जीव खाल्ला होता. त्या हातांत काय काय होतं, आणि आपण ते दाबून धरलं, या विचाराने तिला रडू आलं. एकदा तरी बाल्कनीत जाऊन बसायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ठमी उठून दाराशी गेली. या खेपेला आईने तिला ओढलं नाही. तिने दार उघडलं.

जिना रिकामा होता. खाली एकही गाडी वाजत नव्हती. जमीन थरथरत नव्हती.

ठमी बाजूला सरकली, कुणाला आत यायला वाट द्यावी तशी. मान वर करून पाहत राहिली. बाबा जेवढे उंच होते, तेवढीच वर. मग आईकडे वळली आणि तिचे हात चालू झाले. बराच वेळ. एका जागी छातीवर मूठ, मग दोन बोटं, मग काहीतरी उघडल्यासारखं.

"काय गं? काय म्हणतायत?"

ठमीने आईच्या गालावर थोपटून तिचं लक्ष वेधलं आणि सगळं पुन्हा केलं, सावकाश, एकेक हात नीट दाखवत. आईने जमेल तसे हात हलवून पाहिले. तिला काहीही कळलं नाही.

ठमीने वर पाहिलं. आईकडे बोट दाखवलं. मग स्वतःच्या कानाला हात लावला आणि पंजा नकारार्थी हलवला.