टाकीत डिझेल होतं

क्षणभर कल्पना कर, की तू एका जुन्या जीपच्या मागच्या सीटवर आहेस. काचा उघड्या आहेत, कारण गाडीत एसी नाही. बाहेर वैशाखातलं ऊन आहे आणि रेक्झिनची सीट मांड्यांना चिकटते आहे. पुढे दोन मोठी माणसं बसली आहेत. तुला त्यांची फक्त डोकी दिसतात. आणि घरून तुला बजावलं आहे, की घरी पोहोचेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही आणि मागे वळून पाहायचं नाही.

जमेल तुला?

मुक्ताला जमत होतं. ती तेव्हा चौथीत होती. पुढच्या दोन डोक्यांपैकी एक माझं होतं. दुसरं तिच्या काकाचं, केदारचं. तो गाडी चालवत होता. आम्ही सिद्धवटाच्या घाटावरून परत येत होतो. तिचे वडील अमोल पोतनीस यांचा त्या दिवशी दहावा होता.

अमोल माझा विद्यार्थी. उंच, दणकट, हसरा. शाळेत विज्ञान त्याने माझ्याकडे शिकलं आणि पुढेही दर रविवारी येऊन इंजिनाचं काहीबाही विचारायचा. एका दुपारी ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. मुक्ता एकुलती एक. तिच्या आईने, अश्विनीने, ठरवलं की सगळे विधी मुक्ताच करेल. मुक्ताने केले. घाटावरच्या वडाला दूधही तिनेच घातलं.

आता त्या न बोलण्याबद्दल सांगतो. पोतनिसांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात नोकरीला होते, आणि त्यांच्या घरात काही रिवाज तेव्हापासून चालत आलेले. त्यातला हा एक. ते म्हणतात, गेलेला माणूस दहाव्यापर्यंत घुटमळतो. घाटावर निरोप दिला की तो पाठ फिरवतो आणि चालू लागतो. पण घरी पोहोचेपर्यंत कुणी त्याला हाक मारली, तर तो वळतो. हाक चुकूनसुद्धा जाऊ नये म्हणून त्या वाटेवर कुणी बोलायचंच नाही. मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. पण दुःखात माणसं नको ते बोलतात, तेव्हा थोडा वेळ गप्प राहणं वाईट नाही, असं मला वाटलं, आणि मीही गप्प बसलो.

आगर रोडला लागलो तेव्हा पेट्रोलचा काटा लाल रेघेच्याही खाली गेला होता. काट्याला आपण पेट्रोलचा म्हणतो, पण जीप डिझेलची होती. केदारने एका पंपावर गाडी लावली. पोरगेलासा कामगार खिडकीशी आला. काहीतरी विचारलं. केदारने समोर बघतच मान हलवली आणि हाताने खूण केली, भर. टाकीच्या झाकणावरचा ‘डिझेल’ लिहिलेला कागद गाडी धुऊन धुऊन केव्हाच गेला होता. अमोल असता तर उतरून उभा राहिला असता. खरं तर त्याने मुक्तालाच ते काम दिलं होतं. पंपावर गाडी थांबली, की तिने खिडकीतून डोकं काढून ओरडायचं, “भैया, डीज़ल!” आणि मग बापलेकीने हसायचं.

आम्ही दोघे रस्त्याकडे बघत बसलो. मागे टाकीत काहीतरी पडत असल्याचा आवाज येत होता.

टाकीचं तोंड मागच्या खिडकीखाली होतं. वास आधी मुक्ताला आला. पेट्रोलचा वास तिला ओळखता येत होता. तो अमोलनेच तिला ओळखायला शिकवला होता.

“बाबा, पेट्रोल!” ती ओरडली. “बाबा, पेट्रोल घालतायत!”

मग तिला कळलं की ती काय म्हणाली. तिने दोन्ही हात तोंडावर दाबले.

केदारचे खांदे वर गेले आणि तसेच राहिले.

मी खाली उतरलो. टाकी काठोकाठ भरली होती. यंत्रावर पेट्रोल लिहिलेलं होतं, नळीवर पेट्रोल लिहिलेलं होतं. कामगाराचा चेहरा रडवेला झाला. “मैंने तो पूछा था, अंकल! उन्होंने गर्दन हिला दी.”

“केदार, चावी फिरवू नकोस,” मी म्हणालो. कुणीतरी बोलणं भाग होतं.

हे तूही लक्षात ठेव, कधीतरी उपयोगी पडेल. डिझेल तेलकट असतं. डिझेल इंजिनातला पंप त्या तेलकटपणामुळेच न घासता फिरतो. पेट्रोल तो तेलकटपणा धुऊन टाकतं. गाडी सुरू केली नाही, तर टाकी रिकामी करून निभावतं. सुरू केली, तर थोडं अंतर जाते, मग ठोके देते, मग बंद पडते, आणि इंजिन खोलावं लागतं.

“दादाची गाडी आहे, सर,” केदार म्हणाला. “इंजन बैठ गया तर वहिनीला काय सांगू?”

आम्ही जीप ढकलत पंपाच्या कडेला नेली. शेजारीच शाकिरचं गॅरेज होतं. तो गाडीखाली सरपटत गेला, टाकीचा खालचा बोल्ट सोडवला, आणि धार त्याच्या डब्यात पडू लागली. मुक्ता उतरली नाही. ती मागच्या सीटवर खिडकीला टेकून बसली होती. शेजारची जागा रिकामी होती.

शाकिरने डब्यावर वाकून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

“सर, पेट्रोल किधर है इसमें?”

“क्या मतलब?”

“पूरा डीज़ल है.”

मी वास घेतला. डिझेलच होतं. पण नाकावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो आहे. पूजेचं साहित्य बांधून आणलेला कोरा कागद खिशात होता. पंपाच्या त्याच नळीतून एक थेंब मी त्याच्या एका टोकावर घेतला आणि डब्यातला एक थेंब दुसऱ्या टोकावर. कागद उन्हात धरला. पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. डिझेल राहतं.

नळीतला थेंब बघता बघता नाहीसा झाला. डब्यातला थेंब पसरला, कागद पारदर्शक झाला, आणि तो तेलकट डाग तसाच राहिला.

मी पुन्हा केलं. पुन्हा तेच झालं.

तेवढ्यात कामगाराने त्याच नळीने एका मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरलं आणि ती निघूनही गेली. आमच्या टाकीत आधीचं डिझेल जवळपास नव्हतंच. मी सगळ्या शक्यता मनात मांडल्या आणि एकेक खोडत गेलो. शेवटी काहीच उरलं नाही.

“चला,” केदार म्हणाला. तो माझ्याकडे बघत नव्हता. “वापस भर दो भाई, चलते हैं.”

गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली. अमोल गेल्यापासून ती कुरकुर करायची; आता इंजिन मऊ चाललं होतं. चामुंडा माता चौराह्यावर आम्ही सिग्नलला थांबलो, तेव्हा मागून मुक्ताचा आवाज आला.

“हो.”

हळू, सहज आवाज. थोड्या वेळाने, “नाही, फ्रॉक आईने दिला.”

मी वळणार होतो. का कोण जाणे, वळलो नाही. मुलं दुःखात स्वतःशी बोलतात, हे मी पाहिलं आहे.

“झाले ना पास. गणितात कमी पडले.”

फ्रीगंजच्या पुलावर गाडी चढली. खालून मालगाडी जात होती, तिचा आवाज संपेपर्यंत काही ऐकू आलं नाही. संपला, तेव्हा मुक्ता विचारत होती:

“दुखलं का खूप?”

मग बराच वेळ काही नाही. मग, “बरं.”

केदारने समोरच्या आरशात पाहिलं. एकदाच. त्याने हात वर केला आणि आरसा छताकडे फिरवून टाकला.

“काय दिसलं?” मी विचारलं.

“काही नाही, सर. ऊन लागत होतं डोळ्यांना.”

ऊन आमच्या पाठीमागे नव्हतं. समोर होतं.

टावर चौकातली गर्दी नेहमीसारखी होती. रसाच्या गाडीवर पोरं हसत होती. माधव नगरात घरासमोर गाडी थांबली. आम्ही दोघे उतरलो. मागचं दार उघडून मुक्ता उतरली, आणि जीप थोडी वर आली. नंतर पुन्हा वर आली. या वेळी चांगली वीतभर. भारी माणूस उतरल्यावर जुन्या जीपची मागची बाजू अशी उचलली जाते, तू पाहिली असशील. मुक्ताएवढं मूल उतरल्यावर ती पहिल्यांदा उचलली गेली तेवढीच, जेमतेम, उचलली जाते.

केदारनेही पाहिलं. त्याने गाडीला कुलूप लावलं नाही.

दारात अक्का उभ्या होत्या, अमोलच्या आत्या. हातात पाण्याचा तांब्या, शेजारी ताटात कडुनिंबाची पानं. त्यांनी केदारच्या पायांवर पाणी घातलं, त्याने पान चावलं, आत गेला. माझ्या पायांवर घातलं. पान कडू होतं, आणि त्या कडवटपणाने मला बरं वाटलं. आतल्या अंधारात अश्विनी उभी होती.

“अक्का,” केदार आतून म्हणाला, “ती बोलली वाटेत.”

अक्कांचा हात थांबला.

“कुणाला? काय म्हणालीस गं?”

“‘बाबा’ असं म्हणाले मी,” मुक्ता म्हणाली. “सवयीने.”

अक्कांनी तिच्या डोक्यावरून तिच्या शेजारी पाहिलं. मग डोळे खाली घेतले.

“ऐक बेटा,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. “उंबऱ्याच्या बाहेरच थांब. घाबरू नकोस. फक्त तोंडाने म्हण, बाबा, तुम्ही जा. तू हाक मारलीस ना, तर तुझ्याच तोंडून ऐकेल तो. दुसऱ्या कुणाचं नाही ऐकणार.”

“अक्का, लहान आहे ती,” मी म्हणालो. “कशाला असलं काही...”

“सर, तुम्ही थांबा.”

“नाही म्हटलं तर काय होणार आहे?”

“राहील तो. आणि राहिला, की एकटा राहत नाही.” त्या माझ्याकडे न बघता बोलत होत्या. “माझ्या धाकट्या बहिणीने नव्हतं म्हटलं. आईला हाक मारली होती तिने, याच वाटेवर. पुढच्या दिवाळीला नव्हती ती. एवढीच होती, हिच्याएवढी.”

आत कुठेतरी कुकरची शिट्टी झाली आणि विरली.

“मुक्ता,” अश्विनी म्हणाली. तिने भिंत धरली होती. “म्हण ना बेटा. म्हण, जा.”

मुक्ताने आईकडे पाहिलं. मग शेजारी, वर पाहिलं. एखाद्या उंच माणसाच्या चेहऱ्याकडे लहान मूल पाहतं तेवढं वर.

“ते ऐकतायत पण,” ती म्हणाली.

“म्हणूनच म्हण!”

“त्यांना घरी यायचंय, आई.”

केदार तिला ओढून आत घ्यायला पुढे झाला. दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला. दारात मोकळी जागा होती. तरी तो पुढे गेला नाही.

“मुक्ता,” मी म्हणालो. वर्गात म्हणायचो तसंच म्हणालो, ठामपणे, प्रेमाने. तीस वर्षं मुलांनी तो आवाज ऐकला होता. “बाळा, अक्का सांगतायत तसं म्हण.”

ती माझ्याकडे बघून हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

मग तिने अक्कांच्या हातातला तांब्या घेतला. अक्कांची बोटं सुटली. त्यांनी धरून ठेवला नाही, किंवा त्यांना धरता आला नाही. मुक्ता वाकली. पायरीवर, स्वतःच्या पायांशेजारी, तिने पाणी ओतलं. हळूहळू, जपून, जसं मोठ्यांच्या पायांवर घालायचं असतं तसं.

पाणी तापलेल्या फरशीवर पसरलं. मध्ये दोन कोरड्या जागा सोडून.

तिने तांब्या खाली ठेवला, फ्रॉकच्या टोकाने त्या दोन जागांच्या वर, हवेत, काहीतरी पुसलं, आणि एका उंच माणसाला आत जाता येईल एवढी ती दारातून बाजूला सरकली.