वळणावरचे लाल डोळे

व्हॅन खड्ड्यात गेली, तेव्हा मिठू गाढ झोपली होती.

खरं तर न झोपण्यासाठीच तिला सोबत नेलं होतं. मिठूची आत्या बेकरीची व्हॅन चालवायची. रात्री दोन वाजता पावांचे ट्रे भरायचे आणि उजाडायच्या आत बावीस दुकानांत पोचवायचे, हे तिचं काम. सुट्टी लागल्याबरोबर मिठूने हट्ट धरला, की मी येते आणि गप्पा मारून तुला जागं ठेवते. तिची बडबड घरात इतकी प्रसिद्ध, की मिठू हे नाव तिला त्यावरूनच पडलेलं. आणि नेमकी त्या रात्री, ताज्या पावांच्या उबदार वासात, तिची मान कलली.

धाडकन आवाज झाला. डोळे उघडले तर व्हॅन तिरकी, पाव मांडीवर सांडलेले, आणि आत्या एका हाताने दुसरं मनगट आवळून बसलेली.

"वळणावर उभं होतं," ती पुटपुटली. "वानरासारखं, पण माणसाएवढं. अंगभर केस. दोन डोळे लाल जळत होते बघ. बाजूला होईना, म्हणून मीच व्हॅन वळवली."

व्हॅनचे दिवे विझले होते. बाहेर काळोखाशिवाय काही दिसेना. दोघी हात धरून पेट्रोल पंपापर्यंत मदत मागायला चालत गेल्या. मिठूला सारखं वाटत होतं, की आपल्यामागे कुणीतरी येतंय. माणसं घेऊन परत आल्या तेव्हा वळण रिकामं होतं.

सकाळी बेकरीत मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग ते मिठूकडे वळले.

"पोरी, तू पाहिलंस का ते वानर?"

आत्याच्या मनगटाला पट्टी होती. ती खाली बघत होती. एक 'हो' म्हटलं असतं की झालं असतं.

"नाही," ती म्हणाली. "मला झोप लागली होती."

"म्हणजे दोघींनाही लागली होती," मालक म्हणाले. शनिवारपासून दुसरा ड्रायव्हर येईल, असं सांगून ते भट्टीकडे निघून गेले. तो गुरुवार होता.

आत्या घरी येऊन मिठूला एका शब्दानेही बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं मिठूला वाटलं. दुपारी तिने धाकट्या भावाला, म्हणजे गोटीला, आणि शेजारच्या प्रोफेसरला गच्चीवर बोलावलं. प्रोफेसर तेरा वर्षांचा होता आणि दिसेल ते पुस्तक वाचायचा. गोटीला भूत हवं होतं. प्रोफेसरने मात्र सगळं दोनदा विचारून घेतलं आणि तो एका गोष्टीवर अडला.

"डोळे चमकले, हे नक्की?"

"आत्या खोटं नाही बोलत."

"मग ते वानर नव्हतं. कुत्र्या-मांजराच्या डोळ्यांवर उजेड पडला की ते चमकतात. माणसाचे नि वानराचे तसे चमकत नाहीत. जिन्यात ये, दाखवतो."

जिन्यातल्या अंधारात त्याने गोटीच्या चेहऱ्यावर टॉर्च मारली. गोटीने डोळे मिचकावले, जीभ काढली, पण डोळे काही चमकले नाहीत. खाली बसलेल्या मांजरीचे मात्र दोन हिरवे दिवे झाले. मग त्या वळणावर होतं तरी काय?

तिघं सायकलींवरून तिथे गेले. भर दुपारी रस्ता साधासुधाच होता, तरी गोटी मिठूला चिकटून चालत होता. हातगाडीच्या एका चाकाची खूण धुळीत कडेपर्यंत आली होती आणि तिथे गाडी एका बाजूला कलल्यासारखी माती उकरली गेली होती. काटेरी झुडपात तपकिरी केसांचा झुबका अडकलेला होता. प्रोफेसरने तो हुंगला आणि शिंकला.

"गोंद," तो म्हणाला. झुबका उलटा केला तर केस विणलेल्या कापडातून उगवलेले. "हे वानर कुणीतरी शिवलंय."

मग डोळे कशाचे, हे कोडं गोटीने सोडवलं. झाडाच्या सावलीत उभ्या केलेल्या स्वतःच्या सायकलच्या मागे लावलेल्या लाल चकतीवर तो सहज टॉर्च मारून खेळत होता. ती पेटल्यासारखी झाली आणि तिघं एकमेकांकडे बघतच राहिले.

तिघं तडक सायकलच्या दुकानात गेले. दुकानदार हसत म्हणाला, की हो, तशा दोन चकत्या परवाच नेल्या, सोफे शिवणाऱ्या कारागिराने. पण त्याच्याकडे तर सायकलच नाही! नुसती एक मोडकी हातगाडी.

कारागिराच्या गल्लीत पोचले तेव्हा अंधारून आलं होतं. दुकान बंद. खिडकीच्या गजांतून मिठूने टॉर्च आत धरली. सोफ्यांचे सांगाडे, कापसाची पोती, आणि कोपऱ्यात, माणसाच्या उंचीवर, दोन लाल डोळे. काय आहे ते ठाऊक असूनही तिने टॉर्च पटकन खाली केली. आत्याने हे भरधाव गाडीतून पाहिलं होतं.

"दार वाजवायचं?" गोटीने विचारलं.

"नको. हे गायब झालं तर उद्या आपल्यावर कोण विश्वास ठेवेल? आधी मालक."

मालक बेकरी बंद करत होते. मिठू धापा टाकत म्हणाली, की पाच मिनिटं चला. ते आधी चिडले, मग तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"सकाळी आत्यासाठी खोटं बोलू शकली असतीस," ते हळूच म्हणाले. "नाही बोललीस. चल, येतो."

गोटीने आत्यालाही आणलं. खिडकीत काय आहे, ते मिठूने मुद्दामच सांगितलं नाही. तिने फक्त मालकांच्या हातात टॉर्च दिली आणि ती स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून डाव्या कोपऱ्यात बघायला सांगितलं.

मालकांनी पाहिलं. पुढच्याच क्षणी टॉर्च जमिनीवर होती, आणि उलट्या पावली मागे सरकलेले मालक गटारात गुडघ्यापर्यंत उभे होते.

"मालक," आत्याने शांतपणे विचारलं, "डुलकी लागली होती का?"

आवाजाने कारागीर माडीवरून खाली आला आणि आत्याच्या मनगटावरची पट्टी बघून मटकन पायरीवर बसला. कपड्यांच्या एका दुकानाने दारात उभं करायचं वानर त्याच्याकडे दुरुस्तीला दिलं होतं. जुने डोळे हरवले, म्हणून त्याने चकत्या बसवल्या. दिवसा मोठ्या रस्त्यावर हातगाडीला बंदी, म्हणून ते पोचवायला तो रात्री निघाला. वळणावर चाक निखळलं. वानर कडेला उभं करून तो दुसरं चाक आणायला गेला, आणि परत येऊन बघतो तर व्हॅन खड्ड्यात, आत कुणी नाही.

"घाबरलो, बाई," तो म्हणाला. "वानर गाडीवर टाकलं आणि चाक न बसवताच ओढत पळालो."

"माझं काम जाणार होतं, दादा," आत्या म्हणाली.

शुक्रवारी भट्टीपुढे सगळ्या कामगारांसमोर मालकांनी आत्याची माफी मागितली. गटाराची गोष्टही त्यांनी स्वतःच सांगितली. तिन्ही मुलांना पुढे बोलावून ते म्हणाले, की मी ऐकून घ्यायला कमी पडलो, ही पोरं शोधायला कमी पडली नाहीत.

शनिवारी रात्री व्हॅन पुन्हा निघाली. ते वळण आलं तशी आत्याने गती अगदी कमी केली. मिठू टक्क जागी होती, पण तीही गप्प झाली. दिव्यांच्या उजेडात कडेची झुडपं एकेक करून पुढे आली आणि मागे गेली. आत्याने सोडलेला श्वास मिठूला स्पष्ट ऐकू आला. मग तिने गिअर बदलला. पहिल्या दुकानाचं शटर उघडायला सातच मिनिटं उरली होती.