कुंचल्याच्या डब्यातलं पाणी

बसा. तांब्यातलं पाणी घ्या, पण चित्रापुढचा तो डबा तेवढा राहू द्या. तो रोज का भरून ठेवतो, हेच विचारलंत ना? सांगतो.

बेचाळीस सालची गोष्ट. निजामाचं राज्य होतं. लोहाऱ्यात दुकानांच्या पाट्या उर्दूत आणि मराठीत रंगवणारा मी एकटाच, त्यामुळे स्वतःला मोठा कलावंत समजत होतो. चैत्रात शेजारच्या गल्लीतली शरणम्मा एक फोटो घेऊन आली. तिचा एकुलता एक बसवराज सोलापूरला जाऊन इंग्रजांच्या फौजेत लॉरीवर लागला होता आणि तिकडं मिसर म्हणजे इजिप्त देशात होता. फोटोत सगळीकडे वाळू, बाजूला पुरुषभर उंचीचा फड्या निवडुंग आणि मध्ये बसवराज, दात दाखवून हसणारा. हे मोठं करून रंगात काढून दे, म्हणाली.

"आन् पायाशी एक घागर काढ, महांतप्पा. भरलेली. त्येला लई तहान लागती, लहानपणापास्नं."

"फोटोत न्हाई ते म्या काढत न्हाई, अक्का," मी हसलो. "आन् रंगाचं पाणी कोन पितं व्हय?"

ती फोटो ठेवून गेली. आज वाटतं, काय जात होतं माझं? घागर काढायला अर्धा तास पुरला असता.

निवडुंग ओळखीचा, आमच्या माळावर तोच. वाळवंट मात्र कधी पाहिलं नव्हतं आणि फोटो काळापांढरा, म्हणून तुरीच्या डाळीचा रंग धरला. वैशाखातल्या दुपारी दार लोटून काम करायचो. बाहेर चिटपाखरू नसायचं, आत रंगात कालवायच्या सरसाचा उग्र वास. एका दुपारी कुंचला धुवायला डब्यात बुडवला, तर तो कोरड्या पत्र्यावर वाजला. डबा तासापूर्वीच भरला होता. उन्हानं आटलं असेल म्हटलं आणि पुन्हा भरला.

दुसऱ्या दिवशी निवडुंगाचा हिरवा रंग डब्यात धुऊन पाठमोरा बसलो होतो. मागं आवाज आला... घोट गिळल्याचा. एक... मग दुसरा... वळलो. कुणी नव्हतं. डबा रिकामा होता आणि चित्रातल्या बसवराजचे ओठ हिरवे, ओले झाले होते.

घाबरलो, कबूल करतो. ओठ पुसून पुन्हा रंगवले, आणि त्या दिवसापासून कुंचला धुतला की पाणी लगेच दाराबाहेर फेकू लागलो. मग आवाज बदलला. कोरड्या घशातून यावी तशी नुसती खरखर... दोन दिवस ती ऐकत काम केलं. तिसऱ्या दिवशी ती थांबली, तेव्हा मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं मला. चित्र पुरं करून शरणम्माला देऊन टाकलं.

आषाढात पत्र आलं, बसवराजच्या लॉरीवरच्या जोडीदाराचं, हरिबाचं. शरणम्माला वाचता येत नव्हतं, तिनं ते माझ्याकडूनच वाचून घेतलं. लॉरी वाळवंटात वाट चुकून बंद पडली होती. पाणी लगेच संपलं. हरिबानं लिहिलं होतं, 'दोन दिवस बसवराजचे ओठ ओले दिसत. दुसऱ्या दिवशी तर हिरवे. निवडुंग चावतो असं मला वाटलं. मग ओठ सुकले ते सुकलेच. आणखी दोन दिवसांनी तो गेला. त्याच संध्याकाळी दुसरी लॉरी आली म्हणून मी वाचलो.' खाली तारखा होत्या. मी त्या मनात मोजल्या, डब्याच्या त्याच दुपारी निघाल्या, आणि वाचायचा थांबलो.

"वाच की रं," शरणम्मा म्हणाली. "पाणी... मिळालं व्हतं का त्येला?"

"व्हय, अक्का," मी म्हणालो. "दोन दिवस."

डब्याचं तिला कधीच सांगितलं नाही. चित्र परत मागून घेतलं आणि काठोकाठ भरलेली घागर काढून दिली. ती रोज त्या घागरीला हात लावून बघायची म्हणे. ती गेल्यावर चित्र माझ्याकडं आलं.

तेव्हापासून डबा रोज चांगल्या पाण्यानं भरतो. थेंबभर कमी होत नाही. जरा जवळ येऊन चित्रातले ओठ बघा... फोटो शेजारीच लावलाय, ताडून बघा. फोटोत अजून हसतोय. मीही तसाच हसणारा काढला होता. हे ओठ मी मिटवलेले नाहीत.

आणि पाणी जवळ नेलं की ते आणखी आवळतात.